खरकट्याचें मोल

पानांत टाकलेल्या भाताचें पुढें कांहीं उपयोगी होतें, एवढ्यानें तो टाकण्याचा दोष उणा होतो काय? दुधाचें दहीं करणाऱ्या जिवाणूंचेच भाऊबंद खरकट्यांतील पिष्टाच्या साखरेपासून लॅक्टिक अम्ल करितात. तें विघटनशील प्लॅस्टिकच्या कामीं येतें. युक्ति कौतुकास्पद खरी. परंतु संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं जगांत सुमारें १०५ कोटी टन अन्न, साली-देठांसकट, वायां गेलें. त्यांतील ६० टक्के घरांतून. उपाहारगृहांस नांवें ठेवणें आम्हांस सोयीचें वाटत होतें! जिवाणूंस साल आणि भात सारखींच. कारखाना चालावयाचा तर रोज खरकटें हवें. तेव्हां पान स्वच्छ करणारा त्याचा तोटाच करील. साली, चोथा, नासलेलें तें त्यास खुशाल द्यावें. शिळ्या भाताला आमच्या घरीं आधीं फोडणीच मिळेल.