घरटी एक डहाळी

आमच्या सोसायटीच्या बागेत कडुनिंब एकच, बिऱ्हाडं मात्र चाळीस. फाल्गुनात झाडाने पानं गाळली आणि आता तांबूस पालवीत बारीक पांढरा फुलोरा आलाय. तिन्हीसांजेला त्याचा वास पार जिन्यापर्यंत येतो. पाडवा चार दिवसांवर होता. ‘फांद्या तोडू नयेत’ अशी पाटी मी बुंध्याशी लावत होतो, तोच काकू आल्या.

“पाटी कशाला? गुढीला डहाळी लागतेच की.”

“लागते ना. पण गेल्या वर्षी डहाळीपायी मनगटाएवढ्या फांद्या ओढल्या लोकांनी. वसंत दारात आला आणि आपण त्याचाच हात पिरगाळायचा?”

“कडुनिंब आहे तो, तुळशीचं रोप नव्हे. परत फुटतो.”

“एका डहाळीने काय होतंय, हे चाळीस घरांना एकाच सकाळी पटतं, काकू.”

त्या पारावर टेकल्या. “बरं, नाही तोडत. मग आणायची कुठून?”

“मंडईतून.”

“मंडईत उगवते का रे? कुठल्यातरी रस्त्याकडेचं झाड ओरबाडूनच येते ना? मोडतोड तीच, फक्त तुझ्या डोळ्यांआड.”

याला उत्तर नव्हतं. मग मी 1975चा वृक्षसंरक्षणाचा कायदा पुढे केला. (मला कायदा आठवला की समजावं, माझी बाजू लंगडी पडली आहे.) काकूंनी तो पदराने झटकल्यासारखा बाजूला केला.

“निदान फुलं तरी ओरबाडू नका,” मी म्हणालो. “रात्री खाली चादर अंथरायची. गूळ, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, हिंग, जिरं, ओवा... चटणीला गळलेली फुलंही चालतात.”

“चटणीला चालतील. गुढीला काय गळलेला पाला बांधू? आणि ऐक, माझा नातू कडुनिंब ओळखतो तो या एका दिवसामुळे. डहाळी बंद केलीस, तर उद्या त्याच्या लेखी हे झाड म्हणजे गाडी लावायला होणारी अडचण. मग करवतच येईल.”

हे मात्र मनात रुतलं. माझी पाटी झाड वाचवत होती, पण झाडाशी असलेलं नातं तोडत होती.

“आमच्या गावी,” काकू म्हणाल्या, “दुसऱ्याच्या परसातला पाला आणायचा तर आधी हाक मारायची. ती म्हातारी दोन डहाळ्या द्यायची आणि तिसरीला हात लावला की ओरडायची. इथे झाड सगळ्यांचं, मग हाक मारायची कुणाला?”

“म्हणजे ओरडणारी म्हातारी हवी.”

“मी आहे की!”

पाटी पुसून मी नव्याने लिहिली: पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी माळीबुवा डहाळ्या उतरवतील. घरटी एक. काकूंकडून घेणे.

माळीबुवांनी ती वाचली, वर पाहिलं आणि म्हणाले, “शिडी लागेल. हाताला येणारी फांदी गेल्या पाडव्यानंतर एकही उरलेली नाही.”