धड्यातली माणसं

कोल्हापूर जिल्ह्यातलं कबनूर कुठं संपतं आणि इचलकरंजी कुठं सुरू होते, हे आता नवख्याला सांगता येत नाही. दोन्हीकडं यंत्रमागांचा तोच खडखडाट, दिवसपाळीचा आणि रातपाळीचा. या आवाजातच वाढलेल्या कितीतरी घरांत अलीकडं एक टेबल आलं आहे. भिंतीवर आवर्तसारणी चिकटवलेली, उशाला एनसीईआरटीची रंगीत रेघोट्यांनी भरलेली पुस्तकं, आणि बारावी होऊनही कॉलेजला न गेलेलं एक पोर. डॉक्टरकीच्या प्रवेशाची ‘नीट’ रिपीट करतंय, एवढं गल्लीला ठाऊक असतं.

रिपीटचं वर्ष फार एकटं असतं. बरोबरीची मुलं इंजिनिअरिंगला, बीएस्सीला निघून गेलेली असतात. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, “यंदा तरी नंबर लागंल न्हवं?” विचारण्यात मायाच असते. पण रविवारच्या टेस्टला फिजिक्सनं मार्क खाल्लेले असतात, आणि त्या पोराला काय उत्तर द्यावं ते कळत नाही. मग रात्री मोबाईलवर कुणाचं तरी जोशपूर्ण भाषण लावायचं. पाच मिनिटं रक्त सळसळतं, सकाळी पुन्हा पुस्तक उघडायला हात धजत नाही. उमेद अशी बाहेरून भरता येत नाही, हे मुलांना दोनतीन महिन्यांत कळतं. आपल्यालाच कळत नाही. आपण आणखी एक व्हिडिओ पाठवतो.

आधी आकडे नीट पाहू या. 2025 साली 22 लाखांहून अधिक मुलं या परीक्षेला बसली, त्यांतली 12 लाखांवर पात्र ठरली, आणि देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे पात्र ठरलेल्यांतही दहातल्या नऊ जणांना एमबीबीएसची जागा मिळत नाही. यात त्यांच्या कष्टाचा दोष नाही, जागाच तेवढ्या आहेत. अशा ठिकाणी ‘जागा मिळणार’ एवढ्याच आधारावर उभी केलेली उमेद दर टेस्टला डळमळणार, यात नवल काय?

मग अभ्यास कुणासाठी करायचा? घरोघरी मिळणारं उत्तर एकच, आईबापासाठी. ‘पोटाला चिमटा काढून शिकवतोय’ हे वाक्य खोटं नसतं. ओव्हरटाइम करून क्लासची फी भरणारा बाप या भागात शोधावा लागत नाही. पण ते वाक्य पोराच्या कानावर पुन्हा पुन्हा पडलं की मायेचं कर्ज होतं आणि कमी मार्कांची प्रत्येक टेस्ट म्हणजे थकलेला हप्ता. कर्जाच्या भीतीनं माणूस काही दिवस राबतो, नंतर तोंड चुकवायला लागतो. आईबापाच्या कष्टाची जाण असणं वेगळं आणि ते फेडण्यासाठीच आपला जन्म आहे असं वाटणं वेगळं. दुसरं ओझं मुलांवर टाकणं अन्याय आहे, असं मी स्पष्ट म्हणेन.

दुसरं उत्तर पुस्तकातच आहे. अकरावीच्या जीवशास्त्रात श्वसनाच्या धड्याच्या शेवटी व्यवसायजन्य विकारांवर एक छोटा परिच्छेद येतो. जिथं दगड फोडण्या-दळण्याची धूळ सतत उडते, तिथं शरीराची बचावयंत्रणा अपुरी पडते, फुप्फुसाला सूज येते, पुढं त्याचं ऊतक निबर होतं, म्हणून कामगारांनी मास्क वापरावा. बस्स, एवढंच. 2018 च्या ‘नीट’मध्ये यावर प्रश्न आला होता, उत्तर होतं सिलिकोसिस. बहुतेक मुलं हा परिच्छेद चार मार्कांची सोय म्हणून पाठ करतात.

कबनूरच्या पोराला तो तसा वाचायची गरज नाही. मागाखाली, पंख्याच्या पात्यांवर, कामावरून आलेल्या वडिलांच्या भुवयांवर कापसाची पांढरी लव त्यानं लहानपणापासून पाहिली आहे. कापसाच्या धुळीनं होणाऱ्या विकाराला बिसिनोसिस म्हणतात. सुट्टी संपवून कामावर गेल्यावर पहिल्याच दिवशी छाती जास्त आवळते, ही त्याची ओळखीची खूण. हे एकदा वडिलांना सांगून बघावं. ते बहुधा विचारतील, “मग आमी तोंडाला रुमाल बांधतोय, त्येचा उपेग हाय का न्हाई?” या प्रश्नाला चार पर्याय नाहीत. बारीक धूळ साध्या रुमालानं पुरेशी अडत नाही, हे शोधून सांगावं लागतं. असं सांगताना तो धडा जसा डोक्यात बसतो, तसा दहा वेळा घोकून बसत नाही. आणि आपण शिकतोय ते कुणाच्या तरी छातीशी येऊन पोचतंय, हे त्या दिवशी पहिल्यांदा जाणवतं.

आनंदीबाई जोशींचं कोल्हापूरशी असलेलं नातं या संदर्भात मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यांचे पती गोपाळराव पोस्टात नोकरीला होते. कोल्हापुरात असतानाच, 1878 साली, त्यांनी पत्नीच्या अमेरिकेतल्या शिक्षणासाठी मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार सुरू केला. त्याच सुमाराला कोवळ्या वयात झालेलं बाळ दहा दिवसांत गेलं. 1883 साली अमेरिकेला निघण्यापूर्वी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत आनंदीबाईंनी कारण सांगितलं ते असं, की इथल्या बायकांना बाई डॉक्टर हवी आहे. 11 मार्च 1886 ला डॉक्टरकीची पदवी मिळाली. कोल्हापूर संस्थानानं त्यांना अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागासाठी नेमलं. ते हॉस्पिटल म्हणजे आजचं आपलं कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय. त्या रुजू होऊ शकल्या नाहीत. क्षयानं खंगून 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात त्यांचं निधन झालं, वय बावीसही पुरं नव्हतं. पुढं त्याच दवाखान्यात शाहू महाराजांनी डॉ. कृष्णाबाई केळवकरांना नेमलं.

हे उदाहरण ‘बघा, त्यांनी केलं, तुम्हाला काय झालंय’ असं सुनवायला कृपा करून वापरू नये. मला त्यातलं कारण महत्त्वाचं वाटतं. ते त्यांचं स्वतःचं होतं आणि त्याच्या पलीकडच्या टोकाला आजारी माणूस होता.

असं कारण असलेल्या मुलाला एमबीबीएसची जागा हुकली तर दुःख होईलच, पण त्याचा रस्ता संपत नाही. आयुर्वेद आहे, फिजिओथेरपी आहे, नर्सिंग आहे, प्रयोगशाळेतलं काम आहे. नर्सिंग हा शब्द आपण ‘शेवटी नर्सिंगच’ असा उच्चारतो, तो आपला हलकेपणा. आणि 2024 मध्ये पेपर फुटल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा ‘आम्हीच का प्रामाणिक राहायचं’ असं विचारणाऱ्या मुलांनाही दुसरं कुठलं उत्तर देता येईल? विकत घेतलेल्या मार्कांनी कुणाची छाती तपासता येत नाही.

घरच्यांनी करण्यासारखी गोष्ट साधी आहे. ‘किती पडले?’ याऐवजी जेवताना ‘आज काय वाचलंस, आम्हालाबी सांग’ एवढं विचारावं. शेजाऱ्यांनी निकालाच्या दिवशी फोन करू नये, सांगण्यासारखं असलं की घरचे आपणहून सांगतात. आणि पोर जेवत नसेल, रात्र-रात्र जागत असेल, ‘माझ्यामुळं तुम्हाला त्रास’ असं बोलायला लागलं असेल, तर तिथं भाषण देऊ नका. पुस्तक मिटायला लावा, जवळ बसा, डॉक्टरांकडं घेऊन जा. 14416 हा ‘टेली मानस’चा सरकारी क्रमांक आहे. तिथं रात्री-अपरात्रीही फोन उचलला जातो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.