दिवा आधी कोणाच्या घरी?

युद्ध म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बंदुका व रणगाडे येतात. युक्रेनमध्ये मात्र विजेच्या तारांवरही घाला घालण्यात आला. १० ऑक्टोबर २०२२ पासून रशियाने तेथील वीजकेंद्रे व उपकेंद्रे यांच्यावर क्षेपणास्त्रांचा आणि ड्रोनचा मारा सुरू केला. २३ नोव्हेंबरला तर देशाच्या बहुतेक भागात अंधार झाला. राजधानी कीवमध्ये नळ कोरडे पडले.

११ नोव्हेंबर २०२२ रोजी खेरसोन शहर युक्रेनच्या ताब्यात परत आले, तेव्हा तेथे ना वीज होती ना पाणी. आधी सुरुंग शोधायचे, मगच तारा जोडायच्या, असे ते काम होते. महिनाअखेरीस वीज येऊ लागली, ती आधी अत्यावश्यक सेवांना आणि मग घरांना.

येथे आम्हाला एक प्रश्न पडतो. वीज थोडी आणि गरजू पुष्कळ असताना न्याय कशाला म्हणावे? सर्वांना सारखे वाटणे हाच न्याय, असे आपण चटकन म्हणतो. पण शस्त्रक्रिया अर्ध्यावर असताना, 'आता तुमची पाळी' म्हणून इस्पितळाची वीज तोडणे हा न्याय नव्हे. ज्याची गरज मोठी, त्याचा हक्क पहिला. उरलेल्या घरांना मात्र वेळापत्रक लावून पाळीपाळीने वीज देणे रास्तच. भारनियमन सोसलेल्या आपल्याला हे वेगळे सांगायला नको.

तरीही एक गाठ उरते. इस्पितळाच्याच लाईनवर असल्यामुळे काही घरांतला दिवा विझत नसे आणि समोरच्या इमारतीत काळोख असे. साहजिकच कुरबुर झाली. उजेडातल्या घराने काय चोरी केली होती? काहीच नाही. पण जे आपण कमावलेले नाही, ते केवळ आपलेच कसे? आमच्या मते असा दिवा हा गुन्हा नव्हे, ते ऋण आहे. शेजाऱ्याला दार उघडून त्याचा फोन चार्ज करू देणे, त्याच्या बाळाचे दूध तापवून देणे, अशाने ते थोडेफार फिटते.

दुसरे ऋण वायरमनचे. दुरुस्तीला गेलेल्या अनेकांचा गोळीबारात व सुरुंगांमुळे बळी गेला. आज जोडलेली तार उद्या पुन्हा तुटेल, हे त्यांना ठाऊक होते. मग त्यांचे श्रम वाया गेले काय? आम्हाला तसे वाटत नाही. त्या चार तासांच्या विजेवर कोणाचा तरी श्वास चालला, कोणाच्या तरी घरी पाणी चढले. टिकणार नाही म्हणून चांगले काम करूच नये, असे ठरवले तर आजाऱ्याला औषध तरी कोण देईल?

आपल्या घरचा दिवा लावताना या दोन्ही ऋणांचा आपण विचार करूया.