संशोधनाच्या पैशात साक्रीचा वाटा

खानदेशातल्या साक्री तालुक्यात शिवाजीनगरच्या माळरानावर महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून वीज देतो आहे. त्यासाठी कर्ज दिले ते जर्मनीच्या केएफडब्ल्यू या सरकारी विकास बँकेने. युरोपातला सार्वजनिक पैसा साक्रीला नवा नाही, एवढे यातून स्पष्ट होते. हा पैसा पॅनेलच्या रूपाने आला आणि रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही दिसतो. त्याच युरोपाने माहिती तंत्रज्ञानाच्या संशोधनावर खर्च केलेला पैसा मात्र दिसत नाही, आणि तरीही तो साक्रीत पोहोचला आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडली ती सर्न या युरोपीय संशोधन संस्थेत, जी सदस्य देशांच्या वर्गणीवर, म्हणजे करदात्यांच्या पैशावर चालते. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबचा हक्क सोडून दिला आणि ते सर्वांना मोफत वापरायला मोकळे केले. आज तहसील कचेरीतून निघणारा ऑनलाइन सातबारा त्या निर्णयावर उभा आहे.

मोठ्या रकमा ओतणे हे युरोपच्या या खर्चाचे खरे मोल नव्हे. सार्वजनिक पैशातून तयार झालेली गोष्ट सार्वजनिकच राहावी, बाजाराला न परवडणाऱ्या माणसांचे प्रश्नही संशोधनात घ्यावेत आणि यंत्राबरोबर त्याच्या परिणामांचाही अभ्यास व्हावा, या तीन सवयी त्या खर्चातून तिथे रुजल्या. खानदेशाला आज गरज आहे ती या सवयींची. कर्ज आणि यंत्रे आपण मिळवू शकतो. संशोधनाचा प्रश्न ठरवण्याचा अधिकार मात्र आपण अजून मागितलेलाच नाही.

पहिल्या सवयीचा पुरावा आपल्या घरातच आहे. अमेरिकेने हवा तो महासंगणक द्यायला नकार दिल्यावर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. ही कामगिरी अस्सल भारतीय होती. त्याच्या पोटातल्या चिप होत्या ब्रिस्टलच्या इन्मॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर. इन्मॉस १९७८ मध्ये ब्रिटिश सरकारच्या भांडवलातून उभी राहिली होती, आणि तिचा टी-८०० हा ट्रान्सप्युटर घडला तो युरोपीय समुदायाने १९८४ मध्ये सुरू केलेल्या ‘एस्प्रिट’ या संशोधन कार्यक्रमातल्या सुपरनोड प्रकल्पाच्या आधाराने. एका खंडातल्या करदात्यांनी केलेली गुंतवणूक दुसऱ्या खंडातल्या अभियंत्यांच्या हाती आली आणि त्यांनी तिचे सोने केले.

आता त्याच काळातली दुसरी गोष्ट पाहू. भारतीय लिप्या संगणकावर आणण्यासाठी आपणही सार्वजनिक पैसा खर्च केला आणि चांगल्या कामावर केला. त्यातून ‘इस्की’ ही प्रमुख भारतीय लिप्यांची सामाईक संकेतप्रणाली आली, इनस्क्रिप्ट कळफलक आला. इस्की हे प्रसिद्ध झालेले मानक होते. युनिकोडने देवनागरीची मांडणी करताना तिचाच आधार घेतला, म्हणून आज पिंपळनेरचा पोरगा मोबाइलवर मराठी लिहितो तेव्हा त्या कामाचे फळ त्याच्या बोटांखाली असते. हे काम करणाऱ्या सरकारी संस्थांनी केलेले फॉन्ट आणि टंकलेखनाची पॅकेजेस मात्र विकत मिळत आणि प्रत्येकाचे आतले संकेत वेगळे असत. सरकारी कचेऱ्यांनी वर्षानुवर्षे त्यांत पत्रे, आदेश, अहवाल टंकले. आज ती फाइल नव्या संगणकावर उघडली की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा दिसतो. शोधायला गेले तर एक शब्द सापडत नाही. पैसा एकाच तिजोरीतला आणि माणसेही तितकीच हुशार होती. जे खुले ठेवले ते जगभर टिकले, आणि जे बंद पाकिटात विकले त्याने आपलेच दप्तर आपल्याला परके केले. सार्वजनिक पैशातून झालेले काम खुले असावे, हा आग्रह भाबडा नाही, हे या एका अनुभवावरून कळते.

दुसरी सवय, बाजाराला न परवडणाऱ्या माणसांचे प्रश्न घेण्याची, भाषेत दिसते. २०१२ मध्ये मेटा-नेट या युरोपीय निधीवर चालणाऱ्या संशोधकांच्या जाळ्याने तीस युरोपीय भाषांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या किमान एकवीस भाषा डिजिटल जगातून नामशेष होण्याच्या धोक्यात आहेत, असा इशारा तिने दिला. हा इशारा तिथे गांभीर्याने घेतला गेला, कारण छोट्या भाषेच्या माणसाला व्यवहारातून वगळणे म्हणजे त्याच्या नागरिकत्वाला बाधा आणणे, असे तिथे मानले जाते. पाचेक लाख लोकांची माल्टी भाषा युरोपीय संघाच्या चोवीस अधिकृत भाषांत आहे आणि संघाच्या यांत्रिक अनुवादसेवेतही आहे. संघाबाहेरच्या नॉर्वेने आणखी पुढची वाट दाखवली. उत्तर सामी भाषा बोलणारे सुमारे वीस हजार. ट्रोम्सो विद्यापीठात सरकारी खर्चाने या भाषेचे व्याकरण संगणकाला नियमांच्या रूपात शिकवले गेले, आणि त्याच नियमांतून शुद्धलेखन तपासनीस, कळफलक, शब्दकोश अशी साधने निघाली. सगळे खुले.

२०११ च्या जनगणनेत अहिराणीसह खानदेशी गटातल्या मातृभाषा सांगणारे १८ लाखांहून अधिक आणि भिली-भिलोडी सांगणारे १ कोटीहून अधिक आहेत. साक्री तालुक्यात अहिराणी आहे, पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात भिल्ल, कोकणा, मावची समाजांच्या बोली आहेत. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘भाषिणी’ या राष्ट्रीय अनुवाद मोहिमेचा मुख्य भर आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांवर आहे. त्या यादीत खानदेशी नाही आणि भिलीही नाही. २०२५ मध्ये केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने ‘आदि वाणी’ हे अनुवादाचे साधन आणले आणि त्यात भिली घेतली, हे मनापासून स्वागतार्ह आहे. पण ती प्रामुख्याने मध्य प्रदेशातली भिली. सातपुडा आणि सह्याद्री यांच्यामध्ये भिली दर वीस कोसांवर बदलते, आणि साक्रीच्या भिल्ल म्हातारीला परक्या वळणाची भिली बोलणारे यंत्र किती उपयोगी पडेल, हे तपासणे हाच मुळात संशोधनाचा विषय आहे.

शेतकऱ्याला फोनवर सल्ला देणारी यंत्रे आता येत आहेत. साक्रीचा कांदा उत्पादक घरात जसा बोलतो तसा विचारेल, “मना कांदानी पात पिवयी पडी राहिनी, काय फवारू?” प्रमाण मराठीवर शिकवलेले यंत्र ‘मना’ ऐकून मनाकडे वळेल, अहिराणीत त्याचा अर्थ ‘माझ्या’. ‘पिवयी’ म्हणजे पिवळी, कारण मराठीतला ‘ळ’ अहिराणीत बहुधा ‘य’ होतो, जसा डोळा-डोया, काळा-काया. चालू क्रियेसाठी ‘राहिनी’ येते आणि ‘-ला’च्या जागी ‘-ले’. हे नियम मोजके, पक्के आणि शिकवता येण्याजोगे आहेत. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाने १९०७ मध्येच खानदेशीचे व्याकरण आणि नमुने छापले होते, तेही सरकारी खर्चाने. तेव्हा आता ट्रोम्सोत जे वीस हजारांसाठी झाले ते खानदेशात अठरा लाखांसाठी होऊ शकते. अडते ते कुणीतरी हा प्रश्न निधीच्या टेबलावर ठेवण्यापाशी.

आपण ठेवला नाही तर दुसरे ठेवतात, हेही खरे. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातल्या संशोधन संस्थेत मराठीचा एक वृक्षकोश तयार झाला आहे, म्हणजे वाक्यातला कर्ता, कर्म, क्रियापद यांचे नाते खुणांनी दाखवलेला संग्रह. त्यात साडेचारशेच्या आसपास वाक्ये आहेत, बहुतेक गोष्टींमधली. जगातला कोणताही विद्यार्थी तो मोफत उतरवून घेऊ शकतो. प्रागचे ऋण मानताना स्वतःलाही विचारायला हवे, की मराठीचे असे खुले, तपासता येणारे संग्रह पुण्यात, मुंबईत, जळगावात सार्वजनिक पैशातून किती झाले आणि झाले ते कुणाला मिळतात?

तिसरी सवय, यंत्राच्या परिणामांचा अभ्यास करण्याची, धोरणात दिसते. १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. प्रयोगाचा मान खानदेशाला मिळाला. आधारचा कायदा आला २०१६ मध्ये. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला २०२३ मध्ये. म्हणजे टेंभलीनंतर तेरा वर्षांनी. या तेरा वर्षांत ऊसतोडीने झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राने नाकारले तर रेशन कुणाकडे मागायचे, वनपट्टाधारकाचे नाव शेतकऱ्यांच्या डिजिटल यादीत कसे बसवायचे, ई-पीक पाहणीसाठी शिवारात रेंजच नसेल तर पीक नोंदवायचे कसे, हे प्रश्न लोकांनी आपल्या वेळेने आणि मजुरीने सोडवले. यंत्र येण्याआधी त्यांचा अभ्यास झाला असता तर तो खर्च त्यांच्या माथी आला नसता. युरोपात माहिती संरक्षणाचा निर्देश १९९५ मध्येच आला आणि त्याची जागा घेणारे कडक नियम २०१८ पासून लागू आहेत. संशोधन निधी मागणाऱ्या प्रकल्पाला तिथे नैतिक तपासणीतून जावे लागते. यंत्रामुळे कुणाचे नुकसान होईल, हा प्रश्न निधीच्या अर्जातच विचारला जातो.

युरोपचे सगळे बरोबर आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकी शोधयंत्राला तोड म्हणून फ्रान्स आणि जर्मनीने २००५ मध्ये ‘क्वेरो’ जाहीर केले. २००६ च्या अखेरीस जर्मनी बाहेर पडला आणि तसे शोधयंत्र काही झाले नाही. ‘होरायझन युरोप’ या २०२१ ते २०२७ च्या कार्यक्रमासाठी ९५.५ अब्ज युरो ठेवूनही अमेरिकेतल्या बड्या इंटरनेट कंपन्यांच्या तोडीची कंपनी तिथे उभी राहिलेली नाही. वरून ठरवलेले अवाढव्य प्रकल्प तिथे अनेकदा फसले आहेत. जे चालले ते छोटे. ‘नेक्स्ट जनरेशन इंटरनेट’ या योजनेतून नेदरलँड्समधल्या एनएलनेट या संस्थेने पाच हजार ते पन्नास हजार युरोंची अनुदाने वाटली. अट एकच ठळक होती, की तयार होणारी आज्ञावली खुली असावी. २०२४ मध्ये ही योजना पुढच्या आराखड्यातून वगळली जात असल्याचे दिसताच युरोपभरच्या संस्थांनी खुली पत्रे लिहून विरोध केला. सार्वजनिक निधी नागरिकांनी राखावा लागतो, हा धडाही त्यातूनच घ्यायचा.

आपल्याकडे पैसाच नाही, हे उत्तर आता चालणार नाही. आपण संशोधनावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के खर्च करतो आणि युरोपीय संघ दोन टक्क्यांहून अधिक, हे खरे आहे आणि ते बदलले पाहिजे. पण २०२४ मध्ये मंजूर झालेल्या ‘इंडिया एआय’ मोहिमेसाठी दहा हजार कोटींहून अधिक रक्कम ठेवली गेली. त्यातला अगदी बारीक अंश जिल्हापातळीवर यायला हवा. जळगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० पासून याच भागासाठी आहे. तिथे पाच ते पन्नास लाखांच्या अनुदानांचा एक खुला निधी असावा. साक्री, नवापूर, धडगावचे शिक्षक, कॉलेजचे विद्यार्थी, बोलीचे जाणकार, शेतकरी गट त्यासाठी अर्ज करू शकावेत. आज्ञावली खुली राहावी. आवाजाच्या ध्वनिमुद्रणाबाबत मात्र बोलणाऱ्याची संमती आणि समाजाचा शब्द अंतिम असावा, कारण म्हातारीने सांगितलेली गोष्ट उद्या एखाद्या कंपनीच्या यंत्राचे फुकटचे खाद्य होणे हा खुलेपणा नव्हे. न्यूझीलंडच्या माओरींनी आपल्या ध्वनिमुद्रणांसाठी स्वतःचा परवाना लिहिला; आपणही लिहू शकतो. आणि या निधीचा ठरावीक हिस्सा यंत्रांचे परिणाम तपासणाऱ्यांसाठी राखून ठेवावा, मग त्यांचा निष्कर्ष सरकारला रुचो वा न रुचो.

साक्रीच्या माळावरची वीज राज्याच्या जाळ्यात जाते, साक्रीच्या माणसांची माहिती देशाच्या यंत्रणांत जाते. देणाऱ्याच्या भूमिकेत हा तालुका कधीच कमी पडलेला नाही. त्याच्या बदल्यात त्याला योजनांचा लाभार्थी म्हणवून घेणे पुरेसे नाही. कोणता प्रश्न अभ्यासायचा, कोणत्या भाषेत आणि कुणाच्या संमतीने, हे ठरवणाऱ्या टेबलावर त्याला जागा मिळाली पाहिजे. तो करदाता आहे. ही जागा त्याच्या हक्काची आहे.