दार लावणं आणि वाळीत टाकणं

मास्टोडॉनवर नवीन खातं उघडलं की पहिले दोन-तीन दिवस काहीच घडत नाही. इन्स्टाग्राम उघडल्या उघडल्या ताट वाढून समोर ठेवतं. इथे आपणच स्वयंपाकघरात जाऊन डबे शोधायचे. तुम्ही ज्यांना फॉलो कराल त्यांच्याच पोस्ट होम फीडवर दिसणार, त्याही वेळेच्या क्रमाने. जाहिरात नाही. लाइकला इथे 'फेवरिट' म्हणतात, पण त्याने ती पोस्ट इतरांच्या होम फीडमध्ये जात नाही. लिहिणाऱ्याला फक्त कळतं की कुणाला तरी आवडलं. चार लोकांपर्यंत पोचवायची तर 'बूस्ट' करावं लागतं. या शांततेची सवय व्हायला मला आठवडा लागला, आणि खरं सांगायचं तर ती आवडली. पण या जागेने माझ्यापुढे जो प्रश्न टाकला तो शांततेचा नाही.

ऑयगेन रोख्को या जर्मनीतल्या तरुणाने २०१६ साली मास्टोडॉन सुरू केलं तेव्हाच त्याची घडण वेगळी ठेवली. एक कंपनी, एक इमारत, एक मालक असा प्रकार नाही. हजारो वेगवेगळे सर्व्हर आहेत, प्रत्येकाचा ॲडमिन वेगळा, नियम वेगळे, आणि हे सगळे एकमेकांशी बोलतात; जीमेलवरून याहूला मेल जातो तसंच. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातले वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं, तेव्हा चिडून बरेच भारतीय इकडे आले होते. एका कंपनीने एका माणसाचा आवाज बंद करावा हे त्यांना पटलं नव्हतं. इथे तसं करणारी एकच कंपनी नाही, म्हणून हायसं वाटलं असणार.

मग एका सकाळी मी फॉलो करत असलेली दोन खाती माझ्या यादीतून गायब झाली. त्या दोघांनी काही केलं नव्हतं. ते ज्या सर्व्हरवर होते तो सर्व्हरच माझ्या ॲडमिनने तोडून टाकला होता. त्यांचं मला दिसणार नाही, माझं त्यांना दिसणार नाही. याला 'डीफेडरेट करणं' म्हणतात. मराठीत यासाठी फार जुना शब्द आहे आणि तो ऐकायला बरा वाटत नाही: वाळीत टाकणं.

आपल्याकडे या शब्दाला इतिहास आहे. गावाने किंवा जातपंचायतीने एखाद्या घराला वाळीत टाकलं की किराणा बंद, पाणी बंद, लग्नाचं बोलावणं बंद, मयताला खांदा देणंही बंद. डॉ. आंबेडकरांनी १९२७ मध्ये पाक्षिक काढलं तेव्हा त्याचं नावच 'बहिष्कृत भारत' ठेवलं. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. तो २०१७ पासून लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच्याही आधी, १९४९ मध्ये, मुंबई प्रांताने असा कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या सय्यदनांनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. कुणाला आत ठेवायचं आणि कुणाला बाहेर काढायचं हे ठरवणं धर्मसमूहाच्या स्वतःच्या कारभारात येतं, असं बहुमताने धरलं. सरन्यायाधीश सिन्हा यांचं मत वेगळं होतं: माणसाला समाजातून तोडण्याचे परिणाम धर्मापुरते राहत नाहीत, त्याच्या नागरिक म्हणून जगण्यावर होतात. हा निकाल फेरतपासणीसाठी २०२३ मध्ये मोठ्या खंडपीठाकडे गेला. म्हणजे माझ्या फोनवरचा प्रश्न काही नवा नाही.

दुसरी बाजू ऐका. जुलै २०१९ मध्ये 'गॅब' नावाची साइट मास्टोडॉनच्याच सॉफ्टवेअरवर आली. आदल्या वर्षी पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये अकरा माणसांना गोळ्या घालणारा माणूस याच साइटवर लिहीत होता. सॉफ्टवेअर खुलं, कुणीही वापरू शकतं, त्यामुळे गॅबला थांबवणं कुणाच्याच हातात नव्हतं. बहुतेक ॲडमिननी आपापलं दार लावून घेतलं. मला यात काही चुकलं असं वाटत नाही. बोलण्याचा हक्क असतो, पण माझ्या ओसरीवर येऊन बोलण्याचा हक्क त्यातून निघत नाही. ज्यांना ठार मारायची भाषा चालली आहे त्यांनी ती रोज सकाळी चहाबरोबर वाचावी, असा आग्रह धरणारे बहुधा त्या यादीत नसतात.

गावातल्या बहिष्कारात आणि यात एक ठळक फरक आहे. वाळीत टाकलेल्या घराला दुसरी विहीर नसते. गॅबवाल्यांना त्यांची विहीर होती, पाणी होतं, गावही होतं. मलाही माझा सर्व्हर पटला नाही तर सामान उचलून दुसरीकडे जाता येतं. फॉलोअर बरोबर येतात, जुन्या पोस्ट मात्र मागेच राहतात. जातीतून असं उठून जाता येत नाही.

तरीही माझ्या मनातला खडा जात नाही. गॅबचं सोपं होतं. माझ्या त्या दोन खात्यांमधलं एक पक्ष्यांचे फोटो टाकायचं, दुसरं पुस्तकांबद्दल लिहायचं. त्यांच्या सर्व्हरवरच्या तिसऱ्याच कुणी शिवीगाळ केली असेल आणि तिथल्या ॲडमिनने ती चालू दिली असेल. शिक्षा सगळ्या वस्तीला. एकाच्या गुन्ह्यासाठी अख्ख्या कुळाला धरायची पद्धत आपण मोठ्या कष्टाने सोडायला शिकतो आहोत, ती इथे तांत्रिक सोय म्हणून परत येते. ॲडमिनची बाजूही मला कळते. तो नोकरी सांभाळून, बऱ्याचदा पदरचे पैसे घालून हे चालवतो; दुसऱ्या सर्व्हरवरच्या हजार लोकांची एकेक पोस्ट तपासत बसणं त्याला शक्य नाही. पण वेळ नाही म्हणून सरसकट, हे कारण पंचायतीलाही देता आलं असतं.

मला वाटतं, दार कुणाचं हे आधी विचारायला हवं. मी माझ्यापुरता एखादा सर्व्हर ब्लॉक केला तर ते माझं दार. मास्टोडॉनमध्ये तशी सोय आहेच. ॲडमिन करतो तेव्हा तो माझंही दार लावतो. काही वेळा ते लावलंच पाहिजे, सोसायटीचं गेट असतं तसं. पण गेटवर निदान नोटीस असते.

बऱ्याच सर्व्हरच्या माहितीच्या पानावर तोडलेल्या सर्व्हरची यादी कारणांसकट दिलेली असते. मी माझ्या सर्व्हरची यादी उघडून शेवटपर्यंत वाचली. बहुतेक नावांपुढे दोन-तीन शब्दांत कारण आहे: द्वेष, स्पॅम, छळ. माझ्या त्या पक्षीवाल्याच्या सर्व्हरपुढची जागा कोरी आहे. ॲडमिनला मेसेज टाकला आहे. त्याच्या प्रोफाइलवर लिहिलंय की तो शनिवार-रविवारीच उत्तरं देतो, आणि आज मंगळवार आहे.