आजी जुळते, सही जुळत नाही

कुणाला तंबाखूचं व्यसन असतं, कुणाला पंढरीच्या वारीचं. मला राजा परांजप्यांच्या ‘पाठलाग’चं आहे. १९६४ सालचा हा चित्रपट माझ्याहून वयानं थोरला. रहस्य तोंडपाठ, तरी दरवेळी छाती धडधडतेच.

काशिनाथ घाणेकरांच्या वकिलाची बायको त्याच्या डोळ्यांदेखत मरते. पुढे हुबेहूब तिच्यासारखीच आरोपी भर कोर्टात त्यालाच नवरा म्हणते. आता खरं काय मानावं? डोळे, पुरावा की बाई? १९६६ साली ‘मेरा साया’त हाच पेच सुनील दत्तवर आला.

आम्हा करकंबच्या बँक कारकुनांवर तो रोज येतो. समोर ओळखीची आजी, हात थरथरणारा.

“आजी, सही जुळत नाही.”

“आरं, पण मी जुळते न्हवं?”

मग अंगठा घ्यायचा, दोन साक्षीदार उभे करायचे. त्यातला एक बँकेतलाच. म्हणजे कागद फिरून फिरून माणसाच्याच शब्दापाशी येतो! पुरावा मागणं सोपं. कुणासाठी तरी ‘ही तीच’ म्हणून स्वतः सही ठोकणं अवघड. त्या वकिलाला उलटतपासणी येत होती, साक्ष देणं जड जात होतं.

शेवट विचारू नका. खातेदाराची शिल्लक आणि ‘पाठलाग’चा शेवट आम्ही तिसऱ्याला सांगत नाही.