मुळं शुद्ध असण्याचा हट्ट

बेंगळुरूत चिकपेटच्या रविवारच्या जुन्या बाजारात घड्याळं, कॅमेरे, ग्रामोफोनचे कर्णे आणि रेकॉर्ड्स यांच्या ढिगापुढे अलीकडे एक नवं गिऱ्हाईक उकिडवं बसलेलं दिसतं. वय पंचविशी-तिशीचं, नोकरी संगणकावरची, आणि शोध चाळीस-पन्नासच्या दशकातल्या अमेरिकी कंट्री बूगीचा. या मुलांचं मला मनापासून कौतुक वाटतं. कुणी सांगितलं नसताना एखाद्या जुन्या सुरासाठी धुळीत हात घालणं ही मोठी गोष्ट आहे. पण त्यांच्या तोंडी एक समजूत पक्की बसली आहे, आणि ती पुनर्मुद्रित रेकॉर्डच्या वेष्टनापासून शहरातल्या रेट्रो रात्रींच्या जाहिरातींपर्यंत सगळीकडे पसरली आहे: एल्विसने काळ्यांचं आणि गोऱ्यांचं संगीत एकत्र करून रॉकबिली बनवली, त्याआधीचं कंट्री बूगी मात्र अस्सल, बिनभेसळीचं, डोंगरातल्या गोऱ्या माणसांचं. ही समजूत खोटी आहे. ती निरुपद्रवीही नाही, कारण ज्यांनी हे संगीत घडवलं त्यांतल्या निम्म्या माणसांना ती घराबाहेर काढते.

बूगी कुठून आली यात वादाचं काही नाही. पियानोवर डाव्या हाताने एका आवर्तनात आठ ठोके धरायचे, गाणं संपेपर्यंत ते सोडायचे नाहीत, आणि उजव्या हाताने त्यावर मनसोक्त खेळायचं. पूर्व टेक्सासच्या लाकूडतोडीच्या छावण्यांत काळ्या वादकांनी हे वळण घडवलं. १९२८ साली पाइनटॉप स्मिथने ते शिकागोत ध्वनिमुद्रित केलं आणि पुढच्याच वर्षी एका नाचघरात गोळी लागून तो गेला. दहा वर्षांनी टॉमी डॉर्सीच्या गोऱ्या बँडने तीच रचना वाद्यवृंदासाठी बांधून घेतली आणि ती देशभर गाजली. डॉर्सीची ती बूगी आर्थर स्मिथ नावाच्या गोऱ्या मुलाने ऐकली आणि १९४५ मध्ये ‘गिटार बूगी’ वाजवली. डाव्या हाताचे आठ ठोके गिटारच्या जाड तारांवर आले. चिकपेटमध्ये जी तबकडी ‘मूळ’ म्हणून शोधली जाते ती ही. तिच्या मागे पाइनटॉप उभा आहे, आणि पाइनटॉपच्या मागे छावणीतले ते वादक, ज्यांची नावंही उरली नाहीत.

मग शुद्धतेची कल्पना आली कुठून? ती दुकानातून आली. १९२०च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी दक्षिणेतल्या गिऱ्हाइकांसाठी दोन वेगळ्या याद्या काढल्या: काळ्यांसाठी ‘रेस’, गोऱ्यांसाठी ‘हिलबिली’. गाणारे-वाजवणारे एकमेकांचं ऐकत होते, एकमेकांकडून शिकत होते, पण विकायच्या याद्या दोन. १९३०मध्ये कंट्री संगीताचा आद्यपुरुष जिमी रॉजर्स हॉलिवूडमध्ये गायला तेव्हा शेजारी ट्रम्पेट वाजवायला लुई आर्मस्ट्राँग होता. तबकडीवर आर्मस्ट्राँगचं नाव छापलं गेलं नाही. व्यापाऱ्यांच्या या विभागणीवर मग अभ्यासकांनी शिक्का मारला. जॉन लोमॅक्स १९३३मध्ये दक्षिणेतल्या तुरुंगांतून गाणी गोळा करत हिंडला, कारण रेडिओचा वारा न लागलेली गाणी तिथेच सापडतील असं त्याला वाटत होतं. तिथे त्याला लेडबेली सापडला. लेडबेली थोर गायक होता यात शंका नाही, पण त्याला सिनेमातल्या जीन ऑट्रीची काउबॉय गाणीही आवडत. लोमॅक्सला हवा असलेला अस्पर्श माणूस तुरुंगातसुद्धा नव्हता.

यापुढची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे: जुलै १९५४, मेम्फिस, सन रेकॉर्ड्स, एल्विसची तबकडी, एका बाजूला काळ्या आर्थर क्रडपचं गाणं आणि दुसऱ्या बाजूला गोऱ्या बिल मन्रोचं. दोन नद्यांचा संगम म्हणून हा प्रसंग सांगितला जातो. मला तो मान्य नाही. संगम त्याआधीच झाला होता, आणि तो मेम्फिसमध्ये नव्हे, ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीत.

त्याची सुरुवात आपल्या लाखेपासून करावी लागते. त्या काळच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या असत आणि अमेरिकेला लाख पुरवणारा देश मुख्यतः हिंदुस्थान होता. युद्धात समुद्र बंद झाले. १९४२मध्ये अमेरिकी सरकारने रेकॉर्डसाठी मिळणाऱ्या लाखेत ७० टक्के कपात केली. मोठ्या कंपन्यांनी जी थोडी लाख उरली ती मोठ्या नावांसाठी राखली, आणि ‘रेस’ व ‘हिलबिली’ या दोन्ही याद्या मागे पडल्या. छोटा नागपूरची लाख वेळेवर पोचली असती तर छोट्या कंपन्यांना ही फट मिळाली असती का, असा प्रश्न मला नेहमी पडतो. त्या फटीत १९४३ साली सिड नेथनने किंग रेकॉर्ड्स काढली. बर्फाच्या जुन्या कारखान्यात त्याने सगळं एका छपराखाली आणलं: ध्वनिमुद्रण, तबकड्या दाबणं, वेष्टनं छापणं, माल रवाना करणं. त्याच्याकडे डेलमोर बंधू होते, मून मलिकन होता, आणि त्याच स्टुडिओत विनोनी हॅरिस, बुल मूस जॅक्सन, टायनी ब्रॅडशॉ हे काळे गायक-वादकही होते.

आणि त्याच्याकडे हेन्री ग्लोव्हर होता. लकी मिलिंडरच्या बँडमधला ट्रम्पेटवादक, काळा, आणि किंगमधला निर्माता. १९४९मध्ये ‘हकलबक’ नावाची एक धून काळ्यांच्या नाचघरांत धुमाकूळ घालत होती, आणि नेथनला तिच्या धर्तीवर एक हिलबिली गाणं हवं होतं. ग्लोव्हरने डेलमोर बंधूंपुढे एक छोटी संथ स्वरावली ठेवली. त्यातून ‘ब्लूज स्टे अवे फ्रॉम मी’ तयार झालं. ते गाणं ऐका: दोन भावांचे आवाज एकमेकांना लगटून चालतात, वेन रेनीचा हार्मोनिका दुरून हाक घातल्यासारखा येतो, आणि खाली तीच स्वरावली पाय ओढत शेवटपर्यंत फिरत राहते. रचनाकार म्हणून चौघांची नावं लागली: दोन डेलमोर, रेनी आणि ग्लोव्हर. दक्षिणेतल्या एकाही हॉटेलात ही माणसं एका टेबलावर जेवायला बसू शकली नसती. गाणं मात्र त्यांनी एकत्र बसून केलं, आणि कंट्री संगीताचे चाहते त्याला आजही आपल्या मुळांत मोजतात.

वाहतूक एकाच दिशेने नव्हती, आणि इथेच बहुतेकांचं वाचन चुकतं. शुद्धतावादी म्हणतात कंट्री बूगी गोऱ्यांची. त्यांना उत्तर देणारे म्हणतात ती काळ्यांकडून चोरलेली. किंगच्या खोलीत या दोन्ही गोष्टींत न बसणारं काही घडत होतं. वेन रेनीचं हिलबिली गाणं बुल मूस जॅक्सनने गायलं, हँक पेनीचं ‘ब्लडशॉट आइज’ विनोनी हॅरिसने गायलं. नेथनला बंधुभावाचा उमाळा आला होता असं नाही. गाण्यांचे हक्क त्याच्याकडे होते, आणि एकच गाणं दोन बाजारांत विकलं की पैसे दुप्पट. पण कारण काहीही असो, वादक एकमेकांच्या कामात मुरले. हॅरिसचं ‘गुड रॉकिन टुनाइट’ किंगने १९४८मध्ये बाजारात आणलं. एल्विसने ते १९५४मध्ये घेतलं. ब्रॅडशॉचं ‘ट्रेन केप्ट अ-रोलिन’ किंगचं, १९५१चं; जॉनी बर्नेटने १९५६मध्ये त्याची रॉकबिली केली. काम सामाईक होतं. नाव, पैसा आणि स्मरण यांची वाटणी मात्र रंग पाहून झाली. क्रडप १९७४मध्ये वारला तोवर एल्विसने गाजवलेल्या त्याच्या गाण्याचं पूर्ण मानधन त्याच्या हाती आलं नव्हतं. चोरी झाली असेल तर ती हिशोबाच्या वहीत झाली. सुरांची तिथे देवाणघेवाण होती.

मग १९७०च्या दशकात युरोपात स्मरणरंजनाची लाट आली. जर्मनीत, इंग्लंडमध्ये संग्राहकांनी या जुन्या तबकड्या जीव लावून जपल्या, पुन्हा छापल्या. त्यांचे उपकार आहेतच. पण याच काळात रॉकबिलीच्या जाकिटांवर आणि वेष्टनांवर अमेरिकेतल्या गुलामगिरीवादी दक्षिणेचा झेंडा सर्रास झळकू लागला. ज्या संगीताच्या जन्मखोलीत हेन्री ग्लोव्हर बसला होता, त्यावर तो झेंडा! १९४९च्या वादकांना नको असलेली शुद्धता त्यांच्या चाहत्यांनी त्यांच्या माथी मारली.

हे आपल्यापासून दूरचं वाटत असेल तर सी. रामचंद्रांचं आपण काय केलं ते पाहावं. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे आपले अण्णा, विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेले. १९४७च्या ‘शहनाई’त त्यांनी ‘आना मेरी जान संडे के संडे’साठी गिटार, हार्मोनिका, सॅक्सोफोन आणि शीळ एकत्र आणली. त्याच सुमारास सिनसिनाटीत गिटार आणि हार्मोनिका अशाच खोडकरपणे बोलत होते. एकाने दुसऱ्याचं ऐकलं असं मी म्हणत नाही. दोघांच्याही कानांवर युद्धकाळातलं स्विंग आणि बूगी पडत होतं. अण्णांच्या स्टुडिओतही एक खोली होती आणि तिच्यात आल्दोन्याचा आंतोनियो वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, ट्रम्पेट घेऊन बसला होता. जॉनी गोम्स होता. चर्चच्या शाळेत स्वरलेखन शिकून आलेले कितीतरी गोवेकर होते. ‘अलबेला’त (१९५१) चिक चॉकलेटचा बँड पडद्यावरही दिसतो. एरवी पडद्यावर संगीतकाराचं नाव येई आणि बहुतेक वादक निनावी राहत.

आपण मराठी रसिकांनी या माणसाच्या दोन याद्या केल्या. ‘अनारकली’चे अण्णा आपले, अभिजात, ‘ईना मीना डीका’चे अण्णा पाश्चात्त्य, उसने, बाजारू. पण ‘शोला जो भडके’चा बोंगो आणि ‘धीरे से आजा री’ ही अंगाई एकाच चित्रपटातली, एकाच माणसाची आहेत. किशोरकुमारने ‘ईना मीना डीका’ (१९५७) गायलं. त्याच्या यॉडलिंगची शाळा म्हणजे जिमी रॉजर्स आणि टेक्स मॉर्टन यांच्या तबकड्या. पुणतांबे, आल्दोना, किशोरचं खंडवा आणि रॉजर्सचं मिसिसिपी अशा चार ठिकाणांचं हे गाणं आहे, आणि आपण अजून ते नक्कल की अस्सल एवढंच विचारतो.

चिकपेटमध्ये राहणाऱ्याला तरी हा प्रश्न पडू नये. १८०९पासून इंग्रजांनी या शहराची पेट (जुनं गाव) आणि कॅन्टोन्मेंट अशी दोन गावं केली. पियानो तिकडे, अभंग इकडे. १९४९ साली दोन्हींची एक महापालिका झाली. त्याच वर्षी अमेरिकेत ‘बिलबोर्ड’ने आपल्या याद्यांची नावं बदलून ‘रिदम अँड ब्लूज’ आणि ‘कंट्री अँड वेस्टर्न’ केली, पण याद्या दोनच ठेवल्या. इथली भावसार मंडळी घरात जी मराठी बोलतात तिच्यात कन्नड इतकं मिसळलेलं असतं की पुण्याचा पाहुणा तिला अशुद्ध म्हणतो. शिंप्यांच्या, रंगाऱ्यांच्या पिढ्यांनी ती या गल्ल्यांत जगवली आहे आणि त्याच भाषेत विठ्ठलाला हाक मारली आहे. तिला अशुद्ध म्हणणाऱ्याने विष्णुदास भावे आठवावेत: १८४३मध्ये सांगलीत मराठी नाटक उभं राहिलं ते कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून.

येत्या हंगामात गावोगावची मंडळं सी. रामचंद्रांच्या गाण्यांचे कार्यक्रम करतील. माझी त्यांना एवढीच विनंती आहे: कार्यक्रमपत्रिकेवर गायकांच्या बरोबरीने चिक चॉकलेट आणि जॉनी गोम्स यांची नावं छापा, आणि निवेदकाला ती मोठ्याने वाचायला सांगा.